आधी लबाडी, मग नियम

प्रिय नव्या बाई,

शाळेतली पोरं अजून वर्षभर तरी तुला हेच म्हणणार, तेव्हा मीही म्हणून घेते. नववी-दहावीचं राज्यशास्त्र तुझ्या गळ्यात आलंय आणि मुलं जांभया देतात, असं तू कळवलंस. जांभयांचं वाईट वाटून घेऊ नकोस. आपल्याकडे हा विषय इतिहासाच्या शेपटाला बांधलेला आहे. चाळीस गुणांच्या पेपरात त्याचे प्रश्न शेवटी, आणि सराव परीक्षा जवळ आल्या की पहिली कात्री त्याच्याच तासांना. दहावीचा ‘निवडणूक प्रक्रिया’ हा पाठ उघड. आयोगाची कामं, आचारसंहिता, मतदारसंघ. एक वाक्य चुकीचं नाही आणि एक लक्षात राहत नाही. हा नियम कुठल्या भानगडीमुळे करावा लागला, हे कळल्याशिवाय पंधरा वर्षांच्या मुलाने तो डोक्यात का ठेवावा?

म्हणून माझं सांगणं एकच आहे. मुलांना आधी लबाडी करू दे.

वर्गप्रतिनिधीची निवडणूक तुमच्याकडे होतच असेल. हल्ली दोन मोबाइल जोडून, अ‍ॅपवर मशीनसारखी बटणं दाबून ती घेतात, बोटाला स्केचपेनची शाई लावतात, फोटो काढून ग्रुपवर टाकतात. हौस म्हणून ठीक आहे, पण त्यात मुलं बटण दाबायला शिकतात, बाकी काही नाही. त्याऐवजी आदल्या आठवड्यात एक तास काढ. प्रत्येकाला कोरा कागद दे आणि सांग: ही निवडणूक तुम्हाला काहीही करून जिंकायची आहे, नियम एकही नाही, काय काय कराल ते लिहा. नाव लिहायचं नाही.

त्या तासाला कोणी जांभई देत नाही. गैरहजर मुलाच्या नावावर मत देऊ. दुसऱ्या तुकडीतली पोरं आणून बसवू. मोजायला आपला माणूस ठेवू. समोरच्याच्या नावाचा दुसरा मुलगा उभा करू. माझ्या वर्गातल्या एका मुलीने लिहिलं होतं, ‘त्या दिवशी त्यांच्या सगळ्या मैत्रिणींना सहलीला नेईन.’ सभापती निवडीच्या आधी सदस्यांच्या सहली निघतात, ते तिने घरी ऐकलेलं असणार. चिठ्ठ्यांमधल्या लबाड्या फळ्यावर लिहून काढ आणि प्रत्येकीपुढे विचार, ही कशी अडवाल? मुलांना आपापली युक्ती लढवू दे. मगच खरी व्यवस्था काय करते ते सांग.

दोनदा मत देण्यावर शाई, हे त्यांना ठाऊक असतं. १९६२ पासून ती म्हैसूरच्या सरकारी कारखान्यातून येते, हे बहुधा नसतं. डावी तर्जनी नसली तर डाव्या हाताचं दुसरं कुठलंही बोट, डाव्या हाताला बोटंच नसली तर उजवा हात, अशी उतरंड नियमात लिहून ठेवलेली आहे. हे सांगितलं की मुलं हसतात आणि मग गप्प होतात. हात नसलेल्या माणसाचाही विचार कोणीतरी बसून केला होता, हे आपण न सांगता त्यांना कळतं.

तुमच्या नावावर आधीच कोणी मत टाकून गेलं, तर? इथे वर्ग पेटतो. बहुतेकांना वाटतं, आता संपलं, घरी जा. तसं नाही. ओळख पटली तर केंद्राध्यक्ष तुम्हाला कागदी मतपत्रिका देतात. तिला प्रदत्त मत म्हणतात, ती वेगळ्या पाकिटात जाते आणि एरवी मोजली जात नाही. ‘मग देऊन काय उपयोग?’ हा प्रश्न येणारच, येऊ दे. निकाल थोडक्या मतांनी लागला आणि प्रकरण कोर्टात गेलं की तेच पाकीट पुरावा म्हणून उघडतं. तोतयाला जागेवरच पकडायचा रस्ताही आहे. मतदान प्रतिनिधी, म्हणजे उमेदवाराने केंद्रावर बसवलेला माणूस, मतदाराच्या ओळखीवर आक्षेप घेऊ शकतो, पण त्यासाठी दोन रुपये भरावे लागतात आणि आक्षेप खोडसाळ निघाला तर ते जप्त होतात. दोन रुपये ऐकून पोरं फिदीफिदी हसतील. हसून झालं की विचार, फुकट असतं तर दिवसभरात रांगेचं काय झालं असतं?

एकाच नावाच्या दोन उमेदवारांसाठी रायगड घे. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत तिथे सुनील तटकरे २,११० मतांनी पडले, आणि त्याच नावाच्या एका अपक्षाला नऊ हजारांच्या वर मतं मिळाली होती. ती मतं कोणाला द्यायची होती, हे कोणालाच सिद्ध करता येणार नाही. मुलांना हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहायला लाव आणि तू काही बोलू नकोस. पुढच्या वर्षी, २०१५ मध्ये, आयोगाने मतपत्रिकेवर उमेदवाराचा फोटो छापायला सुरुवात केली.

दोघांना सारखीच मतं पडली तर काय, हे एखादा हुशार मुलगा विचारतोच. २०१७ मध्ये मुंबई महापालिकेच्या प्रभाग २२० मध्ये दोन उमेदवारांना बरोब्बर ५,९४६ मतं पडली आणि निकाल चिठ्ठी काढून लागला. तुमच्या वर्गात टाय झाला तर चिठ्ठी काढायची की फेरमतदान घ्यायचं, हे मतदानाआधी ठरवून फळ्यावर लिही. निकालानंतर ठरवायला बसलात, तर ज्याचे मित्र जास्त त्याचं खरं होईल, आणि मुलांना ते पटकन समजतं.

काही नियम मात्र लबाडीतून आलेले नसतात. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी, १९५१-५२ मध्ये, कित्येक बायकांनी यादीत स्वतःचं नाव द्यायला नकार दिला. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढंच सांगितलं. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशी नावं यादीत घेतली नाहीत आणि सुमारे २८ लाख स्त्रिया मतदानाबाहेर राहिल्या. सेन यांनी बरोबर केलं का? हा प्रश्न मुलींना विचार आणि लगेच उत्तर मागू नकोस. माझ्या वर्गात एकीचं म्हणणं, पुढच्या वेळी तरी बायका स्वतःचं नाव सांगतील. दुसरी म्हणाली, शिक्षा नवऱ्यांना का नाही? दोघींचं भांडण मधल्या सुट्टीतही चालू होतं.

यातला सगळ्यात कसदार तास उमराण्याचा. त्याला दोन तास दे, अभ्यासक्रम थांबला तरी चालेल. जानेवारी २०२१ मधल्या ग्रामपंचायत निवडणुकांच्या तोंडावर नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी या गावांत सरपंचपदाचा लिलाव झाला. उमराण्याची बोली कोटींच्या घरात गेली, पैसा देवळाच्या कामाला जायचा होता. व्हिडिओ बाहेर आले आणि राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही गावांची निवडणूक प्रक्रियाच रद्द केली. एवढं सांगून थांब. निम्मा वर्ग लिलावाच्या बाजूने बोलेल, आणि ती बाजू पोकळ नसते. भांडणं टळली, पैसा कोणाच्या खिशात गेला नाही, देऊळ गावाचंच. बिनविरोध निवडीत तरी दुसरं काय होतं, तीही कायदेशीरच असते आणि पेपरात तिचं कौतुक छापून येतं! यावर घाईने ‘लोकशाही’ हा शब्द आणू नकोस, तो आला की चर्चा मरते. एवढंच विचार: त्या गावातल्या कोणकोणाला बोली लावता आली नसती, त्यांची यादी करा. मजूर, विधवा, एकरभर कोरडवाहू असलेला, नुकतं लग्न होऊन आलेली सून. यादी वहीचं पान ओलांडते. मग हेही विचार की ज्याने एवढे पैसे मोजले, तो पाच वर्षांत काय करील. याचं उत्तर सांगावं लागत नाही, नववीतल्या पोरांना धंदा कळतो.

शहरातली शाळा असेल तर दुसरा धडा तयार आहे. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि निवडणूक न होता कारभार प्रशासकाकडे गेला. आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद कोर्टात अडकले. राज्यातल्या बऱ्याच महापालिकांचं तेच झालं. तेव्हा सहावीत असलेली मुलगी नववी पास झाली तरी तिच्या प्रभागाला नगरसेवक नव्हता. त्या काळात गल्लीतला दिवा गेला तर घरचे कोणाकडे जात होते, हे मुलांनी घरी विचारून यावं. काही घरी काहीच फरक पडलेला नसतो. तेही उत्तर वहीत उतरवून घे, तेवढंच खरं आहे.

आता अवघड जागा. कोणीतरी म्हणेलच, ‘मॅडम, पप्पा म्हणतात मशीनमध्ये गडबड असते.’ हो म्हणू नकोस आणि नाहीही म्हणू नकोस. ‘कुठल्या पायरीवर?’ असं विचार आणि पायऱ्या फळ्यावर लिही. मतदान सुरू होण्याआधी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर किमान पन्नास मतांचं अभिरूप, म्हणजे चाचणीचं, मतदान होतं. मग क्लोज, रिझल्ट, क्लिअर ही बटणं. मशीन शून्यावर येतं आणि अभिरूप मतदानाच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या (मत कोणाला गेलं ते छापून दाखवणाऱ्या) शिक्का मारून काळ्या पाकिटात सील होतात. दिवसभर चिठ्ठी काचेआड सात सेकंद दिसते. शेवटी एकूण किती मतं नोंदली गेली त्याचा हिशेब नमुना १७-क मध्ये लिहून प्रतिनिधींना प्रत द्यायची. मोजणीच्या दिवशी प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मशीनच्या आकड्याशी ताडून बघतात. पाच पुरेत का, सगळ्या का नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२४ मध्ये न्यायालयाने सगळ्या चिठ्ठ्या मोजायची मागणी मान्य केली नाही. मुलाला तरीही शंका राहिली तर राहू दे. आता ती नेमकी शंका आहे, एवढं काम तुझं.

तुझी पहिली इलेक्शन ड्युटी येईल तेव्हा कुरकूर करशील, सगळेच करतात. परक्या गावच्या वर्गखोलीत रात्र काढायची, डास, सतराशे साठ पाकिटं आणि पहाटे उठून ते अभिरूप मतदान. पण हे फळ्यावरचं सगळं तिथे तुझ्या हातून होतं. पुढच्या वर्षी शिकवताना आवाजच वेगळा लागतो.

लक्ष्मीदर्शनाचं, म्हणजे मतासाठी वाटलेल्या पैशाचं, मात्र काय करायचं, याला माझ्याकडे साधी युक्ती नाही. देणारा आणि घेणारा दोघेही गुन्हेगार, असं कायदा सांगतो. एखादं पोर भाबडेपणाने सांगतं, ‘आमच्याकडे पाचशे-पाचशे आले.’ चाळीस डोकी त्याच्याकडे वळतात. त्या क्षणी कायदा सांगू नकोस, त्याच्या आईची अब्रू वर्गात निघेल. ‘अशी पाकिटं बऱ्याच ठिकाणी वाटतात’ असं म्हणून पुढे हो. दोन-तीन दिवसांनी, कोणाच्याही घराचं नाव न घेता, वाटणारा हा पैसा कुठून परत काढत असेल ते विचार.

वरच्या एकाही उदाहरणात मी पक्षाचं नाव घेतलेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. वर्गात कोणाचा बाप एका पक्षाचा शाखाप्रमुख असतो, कोणाची आई दुसऱ्या पक्षाची उमेदवार. तू कोणाला मत दिलंस हे मुलं खोदून खोदून विचारतील. ‘मतदान गुप्त असतं’ एवढंच उत्तर दे, आणि स्टाफरूममध्येही तेच दे, कारण शाळेच्या भिंतींना कान असतात. मुलांनी नेत्यांवर विनोद केले तर हस, पण सगळ्यांवरच्या विनोदांना सारखीच हस. एकावरच हसलीस, की संध्याकाळी संस्थेच्या ऑफिसातून फोन आलाच म्हणून समज.

आणि परीक्षेची काळजी सोड. लबाडी आठवली की नियम आठवतो, नियम आठवला की तीन गुणांचं उत्तर होतं. गाइड कोणी वाचू नका असं मात्र म्हणू नकोस, वाचतीलच.

तुझी,
बाई

ता. क. विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघात नाव नोंदवायला मागच्या सहा वर्षांपैकी किमान तीन वर्षं माध्यमिक किंवा त्यावरच्या वर्गांना शिकवलेलं असावं लागतं. तुझी तीन वर्षं भरली की नमुना १९ भर. ही यादी दर निवडणुकीला नव्याने करतात, त्यामुळे एकदा नाव आलं म्हणून निर्धास्त राहू नकोस. तिथे मशीन नसतं, कागदावर जांभळ्या पेनाने पसंतीक्रम लिहायचा असतो, आणि पेन त्यांनी दिलेलंच वापरायचं.