मॅन्सफील्ड पार्क आणि आपला फड

प्रिय बेटा,

ब्रिटनमधल्या एम.ए.साठीच्या तुझ्या अर्जाचा मसुदा वाचला. ‘लहानपणापासून मला इंग्रजी साहित्याची आवड आहे’ हे पहिलं वाक्य काढून टाक. खरं असलं तरी काढ. त्यात तू कुठेच दिसत नाहीस.

बीड जिल्ह्यातल्या मुलीने इंग्रजी साहित्य शिकायला ब्रिटनला का जावं, याचं उत्तर तुझ्याकडे आहे, पण नेमकं तेच तू लिहिलेलं नाहीस. जेन ऑस्टिनची १८१४ ची ‘मॅन्सफील्ड पार्क’ पुन्हा उघड. त्यातल्या बंगल्याचे मालक सर थॉमस यांची मालमत्ता कॅरिबियनमधल्या अँटिग्वा बेटावर. अँटिग्वा म्हणजे त्या काळी उसाचे मळे आणि त्यात राबणारे गुलाम. त्यांच्या घरी वाढलेली भाची फॅनी त्यांना गुलामांच्या व्यापाराबद्दल विचारते; तेव्हा सगळे चिडीचूप होते, असं ती नंतर त्यांच्या मुलाला, एडमंडला, सांगते. बस्स, एवढंच. साहित्य आणि साम्राज्यवाद यांचा संबंध मांडणारे समीक्षक एडवर्ड सईद यांनी १९९३ मध्ये या कादंबरीतल्या अँटिग्वावर लिहिलं आणि त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही.

आपल्याकडे हंगाम आला की मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली जोडपी बिऱ्हाड ट्रॅक्टरवर टाकून ऊसतोडीच्या फडावर जातात. साखरेमागे कुणाचे हात आहेत, हा प्रश्न तुला शिकवावा लागत नाही. मात्र गुलामी आणि ऊसतोड एकच, असं चुकूनही लिहू नकोस. ते खरं नाही, आणि तिथे कुणीही ते सहज खोडून काढेल. तुझा प्रश्न तुला त्या पानावर थांबवतो, इतकंच त्याचं काम. पुढे शब्दच बघायचे: विचारलं कुणी, गप्प कोण बसलं, आणि ती शांतता आपल्याला कुणाच्या तोंडून कळते?

आपल्याकडे बी.ए.ला गाईडमधला सारांश आणि पात्रचित्रण पाठ केलं की भागतं. तिथे नाही भागत. ब्रिटनमध्ये एम.ए. बहुधा एका वर्षाचं. सेमिनारला मोजकी मुलं बसतात आणि तुझं म्हणणं विचारलं जातं. मार्क मुख्यतः निबंधांवर आणि उन्हाळ्यातल्या प्रबंधावर. म्हणून आतापासूनच रोज एक पान पेन्सिल घेऊन वाच, गाईड न उघडता.

उच्चारांचं दडपण घेऊ नकोस. ऑक्सफर्डमध्ये इंग्रजी साहित्याची स्वतंत्र ऑनर्स पदवी १८९४ ला सुरू झाली. त्याच्या कितीतरी आधीपासून हिंदुस्थानातल्या कॉलेजांत मुलं शेक्सपिअर, मिल्टन शिकत होती. हा विषय आपल्याला परका नाही.

पैशांचं. केंद्र सरकारची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप तुझ्या यादीत आहे, पण तिच्या २०२२ च्या नियमांत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास यांवरचे विषय वगळले होते. तुझ्या विषयात ऊसतोड येते, तेव्हा यंदाची नियमावली ओळ न् ओळ वाच. चेव्हनिंग या ब्रिटिश सरकारच्या शिष्यवृत्तीला दोन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो, त्यामुळे तो अर्ज आत्ताच नको.

नवा मसुदा रविवारपर्यंत पाठव. शिफारसपत्र मी लिहीनच, पण ते तुझा मसुदा वाचल्यावर.

तुझे सर
अंबाजोगाई