लॅबचा डेटा गिटवर आणताय? आधी तो सामायिक ड्राइव्ह सोडा

तुमची पोस्ट वाचताना वाटलं, आमच्याच जुन्या लॅबबद्दल कोणीतरी लिहितंय. द्राक्षाच्या पानांचे फोटो, पान-देठ परीक्षणाचे आकडे, प्रत्येकाची वेगळी एक्सेल, सरांचा हुकूम 'सगळं गिटवर आणा' (गिट म्हणजे फायलींमधल्या प्रत्येक बदलाचा इतिहास ठेवणारा प्रोग्रॅम), आणि संगणक विभागाचं उत्तर 'सामायिक ड्राइव्हवर एक फोल्डर देतो, सगळे तिथेच काम करा'. तुमचा प्रश्न आहे की पोरं कमिटच करत नाहीत, म्हणजे बदलांची नोंद संदेशासकट इतिहासात टाकतच नाहीत, काय करू. त्याकडे येतो, पण आधी त्या फोल्डरबद्दल बोलू द्या. पोरं आज ना उद्या शिकतील. त्या फोल्डरने केलेला घोळ मात्र निस्तरता येत नाही.

(मी मूळचा वनस्पतिशास्त्राचा, संगणकाचा नाही. जाणकारांनी चुकलं तिथे दुरुस्त करावं. गिटची सविस्तर ओळख, इन्स्टॉल कसं करायचं, हे सोडून देतोय, ते कुठेही मिळेल.)

नाशिकमधलीच संस्था, नाव घेत नाही, तिथली माणसं अजून कॉलेज रोडला भेटतात. आम्हालाही असंच फोल्डर मिळालं होतं, सगळ्यांच्या मशीनवर आपोआप सिंक होणारं. गिट आपला सगळा इतिहास 'डॉट गिट' नावाच्या लपलेल्या फोल्डरात ठेवतं आणि प्रत्येक कमिटला तिथे बारीकसारीक फायली लिहितं. सिंक करणाऱ्या प्रोग्रॅमला त्यातलं काही कळत नाही. दोघांनी एका वेळी काम केलं की तो त्या लपलेल्या फोल्डरातच 'कॉन्फ्लिक्टेड कॉपी' बनवून ठेवतो. मग रोज सकाळी 'इंडेक्स डॉट लॉक आधीच आहे' हा एरर (काम चालू असताना गिट लावतं ती कुलूप-फाइल). आम्ही ती फाइल उडवून पुढे जायचो. इथवर फक्त वैताग होता.

मग विभागाची साफसफाई निघाली. ड्राइव्हवर जागा कमी पडत होती. कोणाला तरी एक लपलेलं, भलंमोठं, उघडून काही न कळणारं फोल्डर दिसलं आणि त्याने ते उडवलं. ते आमचं 'डॉट गिट' होतं, आणि सिंकमुळे सगळ्यांच्या मशीनवरूनही गेलं. फोन नाही, मेल नाही. आमच्या फायली जागच्या जागी होत्या, त्यामुळे बरेच दिवस कोणाच्या लक्षातही आलं नाही. एका मुलीने कमिट करायला घेतलं तेव्हा स्क्रीनवर आलं की ही गिट रेपॉझिटरीच नाही, म्हणजे इथे इतिहासच नाही. विभागात गेलो तर उत्तर मिळालं, 'तुमच्या फायली आहेत ना? मग गेलं काय?' बॅकअप मागितला. म्हणे लपलेली फोल्डरं बॅकअपमध्ये घेत नाही. अर्ज द्या. अर्जावर सरांची सही हवी. सही आणली तर विभागप्रमुखांमार्फत या. शेवटी तो अर्ज कुठल्या टेबलावर गेला देव जाणे.

गेलं काय, ते पेपरच्या वेळी कळलं. दिंडोरीकडच्या काही प्लॉटचे पोटॅशचे आकडे एका विद्यार्थ्याच्या प्रबंधात एक आणि पेपरमध्ये दुसरे होते. समीक्षकाने कारण विचारलं. कारण साधं होतं: नमुना पातळ केल्याचा गुणक पहिल्या वेळी लावायचा राहिला होता, नंतर दुरुस्त केला. पण कोणी, कधी, कुठल्या नोंदवहीवरून, हे सगळं कमिटच्या संदेशात लिहिलेलं होतं आणि संदेश गेले होते. सर म्हणाले, पुरावा नसलेले आकडे मी छापणार नाही. ते प्लॉट वगळले आणि नमुने पुन्हा घ्यायला पुढच्या फळछाटणीची वाट बघावी लागली. अजून आठवलं की डोकं फिरतं.

चिडण्याचं खरं कारण असं की गिटमध्ये प्रत्येक क्लोनमध्ये (रेपॉझिटरीच्या प्रतीत) अख्खा इतिहास असतो. एकाच्या तरी लॅपटॉपवर क्लोन असता तर चहा पिऊन होईपर्यंत सगळं परत आलं असतं. पण विभागाचा आग्रह होता की डेटाची एकच प्रत असावी, म्हणून एकच होती.

तेव्हा माझं ठाम मत: सामायिक किंवा सिंक होणाऱ्या फोल्डरात कोणीही थेट काम करू नये. लॅबमधल्या जुन्या पीसीवर किंवा एक्स्टर्नल डिस्कवर 'बेअर' रेपॉझिटरी करा, म्हणजे जिच्यात फायली उघड दिसत नाहीत, फक्त इतिहास असतो. प्रत्येकाने आपल्या मशीनवर क्लोन घ्यायचा, संध्याकाळी पुश करायचं, म्हणजे आपले कमिट तिकडे पाठवायचे. इंटरनेट नको, परवानगी नको. डिस्क फॅट किंवा एक्सफॅट फॉरमॅटची असेल तर विंडोजवर गिट 'ड्युबियस ओनरशिप' (मालकी संशयास्पद) म्हणून अडेल, कारण त्या डिस्कवर मालकाची नोंदच राहत नाही. घाबरू नका. एररमध्येच 'सेफ डॉट डिरेक्टरी'ची ओळ छापून येते, ती चालवली की झालं.

आता तुमची पोरं. त्यांना ब्रँच, रिबेस वगैरे अजिबात शिकवू नका. पुल (इतरांचे बदल आपल्याकडे घेणं), कमिट, पुश, बस. व्हीएस कोड या एडिटरच्या पॅनेलमधून तिन्ही होतात, कमांडची काळी खिडकी उघडायलाही नको. गिटमध्ये बदलांची भांडणं (कॉन्फ्लिक्ट) होतात ती दोघं एकाच फाइलमध्ये लिहितात म्हणून. त्यापेक्षा प्लॉटच्या प्रत्येक भेटीची वेगळी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकूर फाइल) ठेवा. नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग प्लॉट. सगळ्या एकत्र करायचं काम छोट्या स्क्रिप्टवर सोडा. एक्सेलची मूळ फाइल गिटमध्ये ठेवून फारसा फायदा नाही, कारण आत कुठला आकडा बदलला ते गिट दाखवू शकत नाही. सीएसव्हीत ओळन् ओळ दिसते.

आणि संदेश मराठीत लिहू द्या. 'अपडेट' या संदेशाचा कोणालाही उपयोग नाही. 'निफाड प्लॉट, वेल ७ ते १२, देठातल्या नायट्रोजनचे आकडे पुन्हा टाकले, रकाना एकाने सरकला होता' असं लिहिलं की वर्षभराने सरांनी विचारलं तरी उत्तर तयार असतं. देवनागरी संदेशांना काही अडचण येत नाही. फायलींची नावं मात्र इंग्रजीत ठेवा, नाहीतर गिट त्यांच्या जागी आकड्यांची रांगोळी दाखवतं. आधीच मराठी नावं असतील तर 'कोअर डॉट कोटपाथ' ही सेटिंग 'फॉल्स' करा.

तुमच्या पोस्टमधल्या फोटोत वेलींचे क्रमांक '३-४' असे दिसले, म्हणजे ओळ ३, वेल ४. हे आजच बदला. सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडली की त्याचं ३ एप्रिल होतं आणि कोणी सवयीने सेव्ह दाबलं की मूळ क्रमांक फाइलमधून कायमचा जातो. निदान गिटमध्ये डिफ (आधीच्या आणि नंतरच्या ओळींतला फरक) बघून पकडता तरी येतं, आमच्याकडे असंच एकदा अख्खा रकाना एप्रिल-मे झालेला पकडला होता. क्रमांकाच्या आधी अक्षर लावा, 'आर०३व्ही०४' असं काहीतरी. मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीनेसुद्धा एक्सेलला कंटाळून 'मार्च१' या जनुकाचं 'मार्चएफ१' केलं आणि २०२० च्या नियमावलीत तसं नोंदवलं. आपल्या वेलींचं नाव बदलायला कोणाची हरकत असणार?

फोटो गिटमध्ये टाकू नका. गिटहब (रेपॉझिटरी ऑनलाइन ठेवायची सेवा) १०० एमबीच्या वरची एकेक फाइल घेतच नाही, आणि त्याहून लहान असल्या तरी हजारो फोटोंनी क्लोन इतका जड होतो की पोरं पुल करायचं सोडतात. डेटालॅड आणि गिट-अ‍ॅनेक्स ही मोठ्या फायली गिटसोबत सांभाळणारी साधनं यासाठीच आहेत, पण सगळी लॅब विंडोजवर असेल तर माझं मत प्रतिकूल आहे, तिथे ती कुरकुरतात. कोणी लिनक्सवाला वेगळं सांगेल, त्याचंही ऐका. आम्ही फोटो दोन डिस्कवर 'रीड-ओन्ली' करून ठेवायचो आणि गिटमध्ये फक्त यादी: फाइलचं नाव, तारीख, प्लॉट, रोग डावणी की भुरी, आणि फाइलचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाइलच्या आतल्या डेटावरून निघणारा ठसा. विंडोजमध्ये 'सर्टयूटिल' या कमांडने तो निघतो. कोणी फोटो क्रॉप करून त्याच नावाने ठेवला तर हॅश जुळत नाही, लगेच कळतं.

शेतकऱ्यांची नावं, मोबाइल, गट क्रमांक वेगळ्या फाइलमध्ये, गिटच्या बाहेर. एकदा कमिट झालं की नंतर फाइल उडवली तरी जुन्या इतिहासात ती राहतेच, आणि उद्या पेपरसोबत रेपॉझिटरी खुली केलीत तर पिंपळगावच्या माणसाचा नंबर जगभर. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही आहे. त्यातलं बारीक मला विचारू नका, संस्थेच्या नैतिकता समितीला विचारा.

पुढे गिटहब वापरायचं ठरलं आणि संस्थेच्या नेटवरून एसएसएचने (किल्लीने होणाऱ्या सुरक्षित जोडणीने) पुश नुसताच लटकला, तर बहुतेक तिचा नेहमीचा मार्ग, पोर्ट २२, बंद असतो. गिटहब ४४३ वरूनही एसएसएच घेतं, त्यांच्या मदतपानावर सेटिंग आहे. एचटीटीपीएसने करत असाल तर खात्याचा पासवर्ड ऑगस्ट २०२१ पासून चालत नाही, टोकन (गिटहबच्या सेटिंगमधून बनवायची वेगळी किल्ली) लागतं. पासवर्ड तीनतीनदा टाकून बघत बसू नका.

संगणक विभागाला अर्ज द्यायचाच असेल तर त्यात 'गिट' हा शब्दही घालू नका, नवीन सॉफ्टवेअर म्हटलं की फाइल वर्षभर फिरते. लॅबच्या पीसीवरच्या अमुक फोल्डरचा, लपलेल्या फायलींसकट, आठवड्याला बॅकअप हवा, आणि आम्हाला विचारल्याशिवाय त्यातलं काही काढू नये, एवढंच लिहा. आवक क्रमांक घालून पोच घ्या.