‘भाजी खाता का?’ असं विचारू नकोस

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

हृदयरोगाच्या ओपीडीत तू आहारतज्ज्ञ म्हणून बसू लागलीस याचा मला फार आनंद आहे. ‘भरपूर फळं-भाज्या खा’ असं सांगितलं की समोरचा माणूस मान डोलावतो आणि तसाच निघून जातो, असं तू लिहिलंस. तो तरी काय करणार? हे वाक्य त्यानं शाळेपासून ऐकलंय. त्यातून त्याला उद्या सकाळी पिशवी घेऊन नेमकं काय आणायचं ते कळत नाही.

‘भाजी खाता का?’ असं विचारलंस तर मुंबईतला प्रत्येक माणूस ‘रोज खातो’ म्हणेल, आणि ते खरंच असतं. डब्यात बटाट्याच्या काचऱ्या, संध्याकाळी स्टेशनाबाहेर वडापाव, रात्री फ्लॉवर-बटाटा. त्यापेक्षा असं विचार: ‘काका, गेल्या आठवड्यात घरात कुठकुठल्या भाज्या आल्या?’ मग बोटांवर मोजणं सुरू होतं. बटाटा, कोबी, फ्लॉवर, भेंडी. तिथं बोटं थांबतात. तुझं काम तिथून पुढे सुरू होतं.

मी ‘किती’पेक्षा ‘किती प्रकारच्या’ यावर अडून बसते, त्याचं कारण नीट समजून घे, म्हणजे रोग्याला सांगताना तुझ्या आवाजात खात्री येईल. भेंडी, गवार, पेरू, सफरचंद यांतला विरघळणारा तंतू आतड्यात बुळबुळीत होतो आणि पित्ताम्लं, म्हणजे चरबी पचवायला यकृतानं तयार केलेली पित्तातली द्रव्यं, धरून शरीराबाहेर नेतो. यकृताला मग नवी पित्ताम्लं तयार करावी लागतात, आणि त्यासाठी ते रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं. पालेभाज्या आणि बीट यांचं काम वेगळं. त्यांच्यातल्या नायट्रेटचं जिभेवरचे जंतू नायट्राइट करतात, शरीरात पुढे त्याचं नायट्रिक ऑक्साइड होतं आणि रक्तवाहिन्यांच्या भिंती सैलावतात. केळं, पालक, टोमॅटो, शहाळं यांतलं पोटॅशियम मूत्रपिंडाला जास्तीचं सोडियम बाहेर टाकायला लावतं, म्हणून रक्तदाब उतरायला मदत होते. जांभळाचा आणि वांग्याच्या सालीचा जांभळा रंग एका कुळातला, गाजर-भोपळ्याचा केशरी दुसऱ्या. लाल माठ आणि टोमॅटो दोन्ही लाल दिसतात, पण त्यांची रंगद्रव्यं पूर्ण वेगळी. ही सगळी कामं एकटी भेंडी करू शकत नाही, आणि एकटा पालकही नाही.

‘मग मॅडम, गोळीच द्या ना’ असं कुणीतरी म्हणेलच, विशेषतः तरुण आयटीवाले. त्यांना फिनलंडचा अभ्यास सांग. तिथं धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना काही वर्षं बीटा-कॅरोटिनच्या गोळ्या दिल्या होत्या, गाजरात असतं तेच द्रव्य. १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी वाढलेला दिसला. गाजरातलं एक द्रव्य वेगळं काढलं की गाजराचा गुण त्याच्याबरोबर येतोच असं नाही.

रक्तदाबवाल्यांसाठी अमेरिकेतला डॅश अभ्यास पाठच करून ठेव. १९९७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. लोकांचं मीठ आणि वजन होतं तसंच ठेवलं आणि फक्त ताट बदललं: फळं-भाज्या खूप वाढवल्या, कमी स्निग्धांशाचं दूध-दही घातलं, तूपलोण्यासारखी चरबी कमी केली. ज्यांचा रक्तदाब आधीच वाढलेला होता त्यांचा वरचा आकडा आठ आठवड्यांत सरासरी ११ अंकांनी जास्त उतरला, नेहमीचंच जेवणाऱ्यांच्या तुलनेत. फक्त फळं-भाज्या वाढवलेल्या गटातही उतार होता, पण बराच कमी. म्हणून ताकाची वाटी आणि काकडीची कोशिंबीर यांना साधं समजू नकोस. मात्र औषध बंद करायला यातून कुणालाही सुचवायचं नाही.

आपल्या लोकांबाबत मला खरी काळजी वाटते ती वयाची. ५२ देशांत झालेला इंटरहार्ट अभ्यास २००४ मध्ये आला. हृदयविकाराचा झटका येण्यामागची नऊ मुख्य कारणं त्यानं मांडली, आणि रोज फळं-भाज्या न खाणं हे त्यांतलं एक होतं. त्याच अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका येण्याचं सरासरी वय ५३ होतं, बाकीच्या देशांत जवळपास ५९. ही मधली सहा वर्षं म्हणजे मुलीचं लग्न, मुलाची इंजिनीअरिंगची फी, घराचे शेवटचे हप्ते. तुझ्यासमोर पन्नाशीचा माणूस बसला असेल तर त्याला घाबरवू नकोस, पण मनात हे धरून बोल.

आकडे थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळं-भाज्या सांगते, आणि त्यात बटाटा-रताळी धरत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ च्या मार्गदर्शिकेत २००० कॅलरीच्या ताटासाठी ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं सुचवली आहेत. ग्रॅम रोग्याला सांगू नकोस, घरात काटा नसतो. दोन्ही जेवणांत एकेक मोठी वाटी शिजवलेली भाजी, सोबत कच्चं काहीतरी, आणि दिवसातून दोन फळं, इतकं सांग. हार्वर्डच्या संशोधकांनी २०२१ मध्ये मांडलेला अभ्यासही दिवसाला दोन फळं आणि तीन भाज्या इथंच येऊन थांबतो. फळांचा रस, बटाटे, मका, मटार यांचा तसा फायदा त्यांना दिसला नाही. हा रसाचा मुद्दा आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे, कारण घरी आजारी माणूस आला की आधी मोसंबीचा रस काढतात.

आता खरी गोष्ट. कागदावर छापलेला तक्ता हातात देऊ नकोस. त्यात ब्रोकोली आणि अव्होकॅडो असतं, आणि परळच्या चाळीतल्या आजी तो घडी घालून पाकिटात ठेवतात. त्यांना विचार, भाजी कोण आणतं, कुठून, किती वाजता. कुणी दादरला उतरून आणतं, कुणी ग्रँट रोडच्या भाजी गल्लीतून, कुणी रात्री नऊला स्टेशनाबाहेर जे उरलं असेल ते उचलतं. रात्री नऊला मेथी-पालक कोमेजलेले असतात, म्हणून ते घर कोबी आणि बटाट्यावर येतं. अशा बाईला पालेभाजीचे गुण सांगून काय उपयोग? तिला सांग की शनिवारी सकाळी एकदाच दोन जुड्या घ्या, निवडून कोरड्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा आणि सोमवारपर्यंत संपवा. पुढचे दिवस दुधी, दोडका, पडवळ, कारलं यांवर काढा, आणि गाजर, बीट, कोबी आठवड्याच्या शेवटी. टिकण्याचा क्रम लावून दिला की विविधता आपोआप येते. लोकलमध्ये गवार मोडत, मेथी निवडत जाणाऱ्या बायकांना हे चटकन समजतं; त्यांच्यापैकी कुणी समोर आली तर तूच तिच्याकडून शिकशील. निवडून-चिरून पिशवीत मिळणारी भाजी घेणाऱ्यांना नावं ठेवू नकोस. फक्त ती घरी नीट धुवा आणि त्याच दिवशी शिजवा असं सांग.

वेगवेगळं म्हणजे महाग, असं पुष्कळ जणांच्या मनात असतं. तो गैरसमज मायेनं काढायला हवा. अंबाडी, चवळीचा पाला, लाल माठ, शेपू, मुळ्याचा पाला, हे कधीच श्रीमंतांचं खाणं नव्हतं. पावसाळ्यात पालघर, शहापूर, कर्जतकडच्या आदिवासी बायका टाकळा, कुर्डू, फोडशी, शेवळं, करटोली घेऊन येतात आणि वाट्यावर विकतात. शेवळं खाजरी असतात, ती कशी करायची ते त्यांनाच विचारून घ्यायचं. शेवळांची खाज मारणारी काकडं नावाची आंबट फळं त्याच देतात. या भाज्यांचे दिवस थोडेच असतात, म्हणून मी दर पावसाळ्यात रोग्यांना आवर्जून आठवण करायचे.

आणि आपल्या सणांना विसरू नकोस. ऋषिपंचमीची भाजी घे: अळू, माठ, भेंडी, शिराळं, पडवळ, लाल भोपळा, सुरण, मक्याचं कणीस, सगळं एका पातेल्यात, तेलाशिवाय आणि नावापुरत्या मिठात. भोगीची भाजी घे: ओला हरभरा, गाजर, वांगी, घेवडा, पावटा, बोरं, वर तीळ. पाला, शेंग, फळ, कंद एकाच भाजीत येतात. कुठल्याही परदेशी तक्त्यापेक्षा हे मराठी माणसाला लवकर पटतं. ‘ऋषीची भाजी वर्षातून एकदाच का? महिन्यातून दोनदा करा ना’ असं म्हटलं की आजी खुलतात, आणि सुनेला आपणच शिकवायला घेतात.

कोकणातल्या मासे खाणाऱ्या घरांत भाजी हे बाजूचं पान असतं. त्यांचे मासे तोडायला जाऊ नकोस, तळण्याऐवजी कालवण करायला सांग आणि बाजूला फरसबी किंवा मुळा येऊ दे. उपवासवाल्यांना साबुदाण्याऐवजी रताळं, केळं, पपई.

फळांबद्दल मधुमेह्यांची भीती फार असते, आणि हृदयरोग्यांत मधुमेही पुष्कळ. साखर आहे म्हणून सगळीच फळं सोडून देतात, आणि चहाबरोबर ग्लुकोजची बिस्किटं मात्र चालू. अख्खं फळ, चावून, जेवणावर न खाता मधल्या वेळेला, एका वेळी एकच, एवढ्या शिस्तीत बहुतेकांना पेरू, पपई, संत्रं, जांभूळ चालतं. आंब्याच्या दिवसांत दोन फोडी खाऊ दे. मे महिन्यात मुंबईच्या माणसाला आंबा पूर्ण बंद केलास तर तो तुझं बाकीचंही ऐकणार नाही. हंगाम बाजारावरच सोड. हिवाळ्यात पेरू, बोरं, आवळे, पुढे द्राक्षं, उन्हाळ्यात कलिंगड आणि ताडगोळे, पाऊस ओसरताना सीताफळ. केळं बारा महिने. पावसाळ्यात गाडीवरच्या कापलेल्या फळांची प्लेट मात्र नको, त्यात तडजोड करू नकोस.

मिठाकडे लक्ष ठेव. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सगळं मिळून एक चहाचा चमचा. पोटॅशियमनं जे कमावलं ते पापड, लोणचं आणि फरसाण एका जेवणात घालवतात. कोशिंबिरीत मीठ शेवटी आणि कमी, लिंबू जास्त. पालेभाजी उकडून पाणी फेकणाऱ्यांना सांग की फोलेट आणि पोटॅशियम त्या पाण्याबरोबर मोरीत गेलं. ते पाणी आमटीत घाला किंवा भाजी झाकण ठेवून कमी पाण्यात शिजवा.

पण हा सगळा उपदेश काही रोग्यांना उलटा लागू होतो, आणि ते ओळखणं ही तुझी सर्वांत मोठी जबाबदारी आहे. हृदयात कृत्रिम झडप बसवलेले पुष्कळ रोगी वॉरफॅरिनवर, म्हणजे रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या औषधावर, असतात. पालेभाज्यांतलं ‘के’ जीवनसत्त्व त्या औषधाविरुद्ध काम करतं. म्हणून काही जण पालेभाजी पूर्ण सोडतात, काही जण माझ्यासारख्यांचं ऐकून एकदम रोज पालक सुरू करतात, आणि दोन्हींनी रक्ताची तपासणी बिघडते. त्यांना दर आठवड्याला साधारण तेवढीच पालेभाजी, असं सांग, आणि बदल करायचा असेल तर आधी डॉक्टरांना कळवून.

मूत्रपिंड अधू असलेल्या रोग्यांचं आणखी नाजूक. हृदयाच्या काही औषधांनीही शरीरात पोटॅशियम साठतं. ते फार वाढलं तर हृदयाची लय बिघडते, जीवावर बेतू शकतं. आणि आपल्याकडे वॉर्डात भेटायला येणारा प्रत्येक नातेवाईक प्रेमानं शहाळं घेऊन येतो. या रोग्यांच्या भाज्या बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकडून ते पाणी फेकायचं असतं, म्हणजे इतरांना तू जे सांगतेस त्याच्या नेमकं उलट. म्हणून फाइल उघडून क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसं चाललंय ते सांगणारी रक्ततपासणी) आणि पोटॅशियमचे आकडे पाहिल्याशिवाय कुणालाही शहाळं, केळं, पालकाचं सूप सुचवू नकोस. आकडे फाइलमध्ये नसतील तर रोग्याला त्याच दिवशी डॉक्टरांकडे परत पाठव, बाहेर रांग कितीही लांब असली तरी.

तुझी,
मॅडम