वाचकांचे प्रश्न: सुताची लव, पावसाळी हवा आणि लॅपटॉप

कॉलेजांचे प्रवेश आणि पाऊस एकदमच येतात, त्यामुळे या वेळच्या टपालात लॅपटॉपचीच पत्रं जास्त आहेत. सारख्या आशयाची पत्रं एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

मुलगी मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सॉलिडवर्क्स आणि ऑटोकॅड ही ड्रॉइंगची सॉफ्टवेअर चालली पाहिजेत. दुकानदार गेमिंग लॅपटॉप घ्या म्हणतो, मुलीला पातळ आणि हलका हवाय. बजेट सत्तर-पंचाहत्तर हजार. कुणाचं ऐकायचं?
— पालक, राजारामपुरी

दुकानदाराचं निम्मं ऐका. थ्रीडी मॉडेल फिरवताना स्वतंत्र ग्राफिक्स चिप लागते आणि या किमतीत ती बहुतेक गेमिंग म्हणून विकल्या जाणाऱ्या मशीनमध्येच मिळते. कीबोर्डखालच्या रंगीत दिव्यांचा ड्रॉइंगला उपयोग शून्य.

प्रोसेसर किती कोअरचा (कोअर म्हणजे त्यातला काम करणारा एकेक भाग) आहे हे मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. पण सॉलिडवर्क्समध्ये पार्ट बनवताना आणि फीचर रिबिल्ड (बदलानंतर मॉडेलची पुन्हा आखणी) होताना बरंचसं काम एकाच कोअरवर चालतं. त्यामुळे कोअर मोजण्यापेक्षा नावाच्या शेवटचं अक्षर बघा. इंटेलमध्ये ‘यू’ असेल तर तो साधारण १५ वॉटवर चालणारा, बॅटरी वाचवणारा प्रोसेसर. ‘एच’ किंवा ‘एचएक्स’ असेल तर जास्त वीज घेणारा आणि लांब दम असलेला. तुम्हाला दुसरा हवा.

ग्राफिक्स चिपच्या बाबतीत खरी गोम वॉटमध्ये आहे. एनव्हिडियाची आरटीएक्स ४०५० लॅपटॉपमध्ये ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कशीही बसवलेली असते. नाव तेच, स्टिकर तोच, जोर मात्र वेगळा. पातळ मॉडेलमध्ये कमी वॉटची बसवतात, कारण तेवढी उष्णता बाहेर टाकायला आत जागा नसते. दुकानात ‘ही चिप किती वॉटची?’ असं स्पष्ट विचारा आणि कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलच्या पानावर पडताळून बघा.

रॅम १६ जीबीच्या खाली नको. ती ८ जीबीच्या दोन पट्ट्यांत असेल तर उत्तम, कारण दोन्ही पट्ट्या एकदम चालल्या की वेग वाढतो. रॅम बोर्डावर सोल्डर केलेली आहे की स्लॉटमध्ये आहे, हे जरूर विचारा. सोल्डर असेल तर पुढे वाढवता येत नाही, आणि शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला दोन-तीनशे पार्टची असेंब्ली उघडायची वेळ आली की ३२ जीबीची आठवण येते. एसएसडी (साठवणुकीची वेगवान डिस्क) ५१२ जीबीची, एनव्हीएमई प्रकारची आणि शक्यतो एक रिकामा स्लॉट. स्क्रीन १६:१० प्रमाणाची मिळाली तर घ्या, उंचीला जागा जास्त मिळते.

मुलीचं म्हणणंही खोटं नाही. असलं मशीन सव्वादोन-अडीच किलोचं, वर अर्धा किलोच्या पुढचा अडॅप्टर. रोज केएमटीच्या बसनं जायचं असेल तर दुकानात एकदा पाठीला लावून बघू द्या. बॅटरी ड्रॉइंगच्या कामात दोन-तीन तासांवर टिकत नाही आणि टाइप-सीचा ६५ वॉटचा छोटा चार्जर अशा मशीनला कामाच्या वेळी पुरत नाही. चार्जर लावलेला असतानाही बॅटरी उतरत जाते.

घरी आणल्यावर एक सेटिंग करायलाच हवं: सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, ग्राफिक्स, तिथे सॉलिडवर्क्स जोडून ‘हाय परफॉर्मन्स’ निवडा. नाहीतर पैसे मोजून घेतलेली चिप झोपून राहते आणि प्रोसेसरमधल्या साध्या ग्राफिक्सवर मॉडेल अडखळतं. मॅकबुकचा विचार मनात असेल तर सोडून द्या, सॉलिडवर्क्स मॅकवर थेट चालत नाही. आणि वॉरंटी ‘ऑनसाइट’ (माणूस घरी येऊन दुरुस्ती) आहे की ‘कॅरी-इन’ (मशीन आपण नेऊन द्यायचं), कॅरी-इन असेल तर मशीन कोल्हापुरातच द्यायचं की पुण्याला जाणार, हे बिल करण्याआधी विचारा.

यंत्रमागाच्या कारखान्यातल्या ऑफिसात लॅपटॉप आहे. तासाभरात तापतो, पंखा भणभणतो आणि आपोआप बंद पडतो. पोरं दर आठवड्याला कॉम्प्रेसरची हवा मारून साफ करतात, तरी फरक नाही.
— इचलकरंजी

फरक पडणारच नाही. सुताची लव पंख्यातून आत ओढली जाते आणि पंखा व रेडिएटरच्या पातळ पत्र्या यांच्या मधल्या फटीत अडकते. तिथे दाबून दाबून तिचा नमद्यासारखा थर होतो. बाहेरून जाळी स्वच्छ दिसते, कारण तुंबलेली जागा त्या पत्र्यांच्या आतल्या बाजूला असते. उष्णता बाहेर पडत नाही, प्रोसेसर ९५ ते १०० अंशांवर गेला की आधी स्वतःचा वेग कमी करतो आणि तरीही भागलं नाही की मशीन बंद होतं.

कारखान्याच्या कॉम्प्रेसरची हवा आजपासून बंद करा. त्या लाइनीत पाणी आणि तेलाचा अंश असतो, पावसाळ्यात टाकीचा ड्रेन रोज सोडला नाही तर फवाराच येतो. शिवाय त्या दाबानं पंखा ठरलेल्या वेगाच्या कितीतरी पट फिरतो, त्याची बेअरिंग जाते आणि उलटा फिरवलेला मोटार-पंखा वीज तयार करून बोर्डाकडे पाठवू शकतो.

नीट साफ करायचं तर मागचं झाकण उघडावं लागतं. वॉरंटी चालू असेल तर सर्व्हिस सेंटरला द्या. संपली असेल तर असं करा. शिफ्ट दाबून धरून ‘शट डाउन’ करा, म्हणजे मशीन पूर्ण बंद होतं. चार्जर काढा. झाकणाचे बहुतेक स्क्रू पीएच-० फिलिप्सचे (अधिकच्या खुणेसारख्या खाचेचे) असतात आणि त्यांची लांबी एकसारखी नसते. कागदावर लॅपटॉपचा चौकोन काढून ज्या जागचा स्क्रू त्या जागी चिकटपट्टीनं लावा. लांब स्क्रू आखूड जागी गेला तर वरच्या बाजूला टोक निघतं. झाकण जुन्या एटीएम कार्डानं कडेकडेनं सोडवा. आत गेल्यावर सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर काढा, मगच बाकीचं. पंख्याची पाती बोटानं किंवा कानकाडीनं धरून ठेवा, रंगाच्या कोरड्या मऊ ब्रशनं लव सैल करा आणि थर चिमट्यानं अख्खा ओढून काढा. पंखा वेगळा होत असेल तर दोन-तीन स्क्रू काढून वेगळाच करा, काम चोख होतं. तांब्याची नळी असलेला हीटसिंक उचलला नसेल तर थर्मल पेस्टला (प्रोसेसरची उष्णता हीटसिंकपर्यंत पोचवणाऱ्या लेपाला) हात लावू नका. उचललाच तर जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून नवीन, मुगाच्या दाण्याएवढी, लावावीच लागते.

मागांच्या शेडमध्येच टेबल असेल तर हे दर तीन महिन्यांनी, दार बंद राहणाऱ्या केबिनमध्ये असेल तर सहा महिन्यांनी. लॅपटॉप कापडाच्या ताग्यांवर ठेवू नका, खालून हवा घ्यायला जागा राहत नाही. खालच्या जाळीला बाहेरून कापड किंवा नेट चिकटवण्याचा उपाय काही जण करतात, त्यानं हवाच अडते.

शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीवाल्यांनीही हेच विचारलं आहे. तिथली धूळ जास्त वाईट, कारण तिच्यात लोखंडाचे कण असतात. ते वीज वाहून नेतात आणि स्पीकरच्या, झाकणाच्या चुंबकाला जाऊन चिकटतात. तिथे साफसफाईपेक्षा लॅपटॉप शॉप फ्लोअरवर न नेणं हाच उपाय.

चार्जिंग चालू असताना धातूच्या बॉडीला हात लावला की झिणझिण्या येतात. लॅपटॉप बिघडलाय का?
— मंगळवार पेठ

बहुतेक नाही, घराचं अर्थिंग बिघडलेलं असावं. अडॅप्टरच्या आत विजेचा गोंगाट गाळण्यासाठी एक छोटा कपॅसिटर असतो. त्यातून अगदी किंचित, नियमाप्रमाणे पाव मिलिअँपिअरच्या आतला, प्रवाह बॉडीवर येतो. अर्थिंग असेल तर तो जमिनीत निघून जातो, नसेल तर तुमच्या बोटातून जातो. दोन पिनांचा अडॅप्टर असेल किंवा तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या कन्व्हर्टरमध्ये घातला असेल तरी हेच होणार.

वायरमनकडून सॉकेट मल्टिमीटरनं तपासून घ्या. फेज ते न्यूट्रल २३० व्होल्टच्या आसपास, फेज ते अर्थ जवळपास तितकेच आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्ट, असं आलं तर अर्थिंग ठीक. फेज ते अर्थ ८०-१०० असं काहीतरी दाखवत असेल तर अर्थची वायर कुठेतरी तुटलेली आहे किंवा जोडलेलीच नाही. जुन्या वाड्यांतून दुसरी शक्यताच जास्त.

काही वायरमन सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ तारेनं जोडून ‘झालं अर्थिंग’ म्हणतात. ते अजिबात करू देऊ नका. बाहेर न्यूट्रल तुटला तर घरातल्या फ्रिजपासून लॅपटॉपपर्यंत प्रत्येक धातूच्या बॉडीवर फेज येतो. झिणझिण्यांऐवजी जोराचा झटका बसत असेल किंवा अडॅप्टर कंपनीचा नसेल तर तो वापरणं आजच थांबवा.

(याच पत्रात स्टॅबिलायझरबद्दल विचारलं आहे. गरज नाही. अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टवर चालतो. स्पाइक गार्ड मात्र लावा आणि गडगडाट सुरू झाला की प्लग काढा.)

दहा वर्षांपूर्वीचा लॅपटॉप, इंटेलचा पाचव्या पिढीचा आय३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क. चालू व्हायला पाच मिनिटं लागतात. दुरुस्त करू की जुन्या बाजारातला दुसरा घेऊ? काम फक्त मेल, पेन्शनची कागदपत्रं आणि मराठी लेखन.
— निवृत्त शिक्षक, गडहिंग्लज

सर, हार्ड डिस्क काढून २५६ जीबीची साटा एसएसडी बसवली तर पाच मिनिटांचं काम अर्ध्या मिनिटावर येईल. रॅम ८ जीबी करायची तर १.३५ व्होल्टची डीडीआर३एल पट्टी मागा, डीडीआर४ त्या खाचेत बसणार नाही. अडचण दुसरीकडे आहे. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच अधिकृतपणे चालतं. पेन्शन आणि बँकेचं काम सुरक्षा-अपडेट नसलेल्या मशीनवर करू नये. एसएसडीबरोबर लिनक्स मिंट घालून घ्या, फुकट आहे आणि इनस्क्रिप्ट पद्धतीचा मराठी कीबोर्ड त्यात येतो. मात्र जुनं लेखन श्रीलिपीसारख्या युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये असेल तर आधी ते युनिकोडमध्ये करून घ्या, नाहीतर उघडल्यावर नुसती इंग्रजी अक्षरं दिसतील.

विंडोजच हवं असेल तर ऑफिसांतून निघालेले थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक असे जुने लॅपटॉप बघा. आय५-८२५०यू या प्रोसेसरच्या नावात आडव्या रेघेनंतरचा ८ म्हणजे आठवी पिढी, त्याआधीच्या पिढीचं घेऊ नका. दुकानात बायोस (विंडोजच्या आधी उघडणारी मशीनची मूळ सेटिंग्ज) उघडून दाखवायला सांगा. पासवर्ड मागितला तर ते मशीन सोडा. विंडोज नव्यानं टाकताना जुन्या कंपनीचं लॉगिन पान येत असेल तरीही सोडा, ते कुलूप दुकानदार काढू शकत नाही. बिजागऱ्या दोन्ही बाजूंनी सारख्या घट्ट आहेत का ते बघा आणि जीएसटीचं पक्कं बिल घ्या.

लॅपटॉप दिवसभर चार्जिंगला लावून ठेवला तर बॅटरी फुगते म्हणतात. खरं का?
— शाहूपुरी

जास्त चार्ज होऊन नाही फुगत, शंभर टक्क्यांवर चार्जिंग थांबतं. पण भरलेली बॅटरी सतत गरम राहिली की तिच्यातलं रसायन लवकर खराब होतं आणि वायू धरतो. कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये, लेनोव्होत व्हँटेज, एसुसमध्ये मायएसुस, ८० टक्क्यांची मर्यादा घालता येते. ती घाला आणि खुशाल प्लग लावून ठेवा.

बॅटरीची तब्येत बघायला कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पॉवरसीएफजी /बॅटरीरिपोर्ट’ हे इंग्रजी अक्षरांत (powercfg /batteryreport) टाईप करा. तयार झालेल्या फाइलमध्ये मूळ क्षमता आणि आजची पूर्ण क्षमता असे दोन आकडे असतात. आजचा मूळच्या ६० टक्क्यांखाली गेला असेल तर बदलायची तयारी ठेवा. टचपॅड वर आलंय, क्लिक होत नाही, लॅपटॉप सपाट टेबलावर डुगडुगतो, ही फुगल्याची खूण. मग चार्जिंग बंद, टोचायचं-दाबायचं नाही आणि घंटागाडीत टाकायचं नाही. ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या.

कीबोर्डवर चहा सांडला तर तांदळात ठेवायचा का?
— कागल

नाही. तांदळाचा भुगा आत जातो, साखर आणि दूध तिथेच राहतं. पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून बंद करा, चार्जर काढा, लॅपटॉप उघडा ठेवून तंबूसारखा पालथा करा. हेअर ड्रायर नको. त्याच दिवशी दुरुस्तीवाल्याकडे नेऊन उघडून, बॅटरी सोडवून, आयसोप्रोपिलनं धुऊन घ्या. ‘दोन दिवस वाळवला, चालू झाला’ यावर विसंबू नका. साखरेचा थर पावसाळ्याची ओल धरतो आणि महिन्याभरानं बोर्डावर हिरवट गंज दिसतो.

दरवर्षी पुराची धास्ती असते. लॅपटॉपचं काय करावं?
— दुधाळी

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. ३९ ची बातमी आली की लॅपटॉप, चार्जर आणि बॅकअपची डिस्क जाड प्लास्टिकमध्ये बांधून वर चढवा, आणि बॅकअपची दुसरी प्रत पाण्याबाहेरच्या भागातल्या पाहुण्यांकडे कायमचीच ठेवा. लॅपटॉप पाण्यात गेलाच तर ‘चालतोय का बघू’ म्हणून बटण दाबू नका आणि भिजलेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नका. बोर्ड गेला तरी आतली एसएसडी धुऊन वाळवून दुसऱ्या मशीनला जोडली तर डेटा अनेकदा मिळतो.

यात एक अट आहे. विंडोज ११ च्या बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद असते आणि दुसऱ्या मशीनला जोडल्यावर ती ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. आजच उघडून कागदावर उतरवून घ्या आणि रेशन कार्डाच्या पिशवीत ठेवा. बोर्ड बदलताना किंवा बायोस अपडेटनंतरही तीच लागते.