मित्रदेशाच्या घरातल्या भानगडी आधी वाच

भो,

तुझा निबंध वाचला. भाषा छान जमलीये पण 'अमेरिका हा बेभरवशाचा मित्र आहे' हे वाक्य तू पानापानावर टाकून राहिला, आणि ते तर चौकातल्या चहाच्या टपरीवर पण फुकट ऐकायला मिळतं, त्यासाठी जळगावात रूम करून, मेसचे पैसे भरून अभ्यासिकेत बसायची काय गरज? बेभरवशाचा म्हणजे नक्की कुठे अडलं, कोणाच्या सहीवाचून अडलं, ते सांग ना.

मोठ्या घरात सोयरीक केली की नुसता सासरा पाहून चालत नाही, भावाभावांची वाटणी कुठपर्यंत आलीये तेही पाहावं लागतं. तू फक्त सासरा, म्हणजे राष्ट्राध्यक्ष पाहिलास, घरातलं राजकारण नाही.

युक्रेनचंच घे. तू फेब्रुवारी २०२५ मधलं ट्रम्प-झेलेन्स्कींचं ओव्हल ऑफिसातलं भांडण लिहिलंस, कारण तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलाय. माझ्या मते ऑक्टोबर २०२३ ते एप्रिल २०२४ हे सहा महिने जास्त शिकवतात. बायडन यांनी ऑक्टोबर २०२३ मधे युक्रेनच्या मदतीसाठी संसदेकडे पैसे मागितले. राष्ट्राध्यक्ष तयार, फेब्रुवारीत वरच्या सभागृहाने, सिनेटनेही मंजुरी दिली, पण खालचं सभागृह, म्हणजे हाऊस, विरोधी रिपब्लिकनांच्या हातात, आणि तिथे भांडण मेक्सिकोच्या बॉर्डरवरून येणाऱ्या लोकांचं चाललेलं, त्यात निवडणुकीचं वर्ष, त्यात मॅकार्थींना त्यांच्याच पक्षाच्या आठ जणांनी स्पीकरच्या खुर्चीवरून खाली खेचलेलं, मग नवे स्पीकर माइक जॉन्सन तरी बिल पटकन कशाला मतदानाला आणतील. शेवटी २० एप्रिल २०२४ ला आणलं तेव्हा ३११ विरुद्ध ११२ ने पास, सुमारे ६१ अब्ज डॉलर. म्हणजे मतं होती रे! बिल पटलावरच येत नव्हतं. आणि मधल्या काळात, १७ फेब्रुवारीला, युक्रेनच्या फौजेला अवदिव्का हे शहर सोडावं लागलं, तिथे तोफखान्याचे लोक गोळे मोजून मारत होते. आता हे शहर एकट्या वॉशिंग्टनमुळे पडलं असं लगेच लिहू नको, रशियाचे ग्लाइड बॉम्ब होते, युक्रेनकडे माणसं कमी होती, पण उशिराची किंमत काय असते ते इथे दिसतं.

पैसे मंजूर झाले म्हणजे दुसऱ्या दिवशी गोळे हजर, असंही नसतं. वरणगावच्या फॅक्टरीत काडतुसं बनतात, तुझ्या ओळखीत तिथून रिटायर झालेलं कोणी ना कोणी असणारच, भुसावळकडच्या प्रत्येक गल्लीत एक तरी असतो. त्यांना विचार, ऑर्डर वाढली की प्रॉडक्शन वाढायला किती वेळ जातो. गुपितं विचारू नको, तेवढंच विचार. पुस्तकात ही गोष्ट अशी समजणार नाही.

पाकिस्तानचं उदाहरण तू टाकलंच नाहीस याचं मला नवल वाटलं. प्रेसलर दुरुस्ती हा अमेरिकेचा १९८५ चा कायदा. पाकिस्तानकडे अणुबॉम्ब नाही असं राष्ट्राध्यक्षाने दरवर्षी लिहून द्यायचं, तरच मदत. अफगाणिस्तानात रशियन होते तोवर रेगननी लिहून दिलं, मग थोरल्या बुशनीही दिलं. १९८९ मधे रशियन निघून गेले, आणि ऑक्टोबर १९९० मधे ती सही झाली नाही. कायदा तोच, कागद तोच. २८ एफ-१६ विमानं अडकून पडली, ज्यांचे बरेच पैसे पाकिस्तानने आधीच भरलेले. १९९८ च्या शेवटी तडजोड झाली, त्यात काही रोख आणि काही गहू वगैरे माल! आपण हसतो यावर, पण इस्लामाबादच्या बाजूने वाच एकदा.

आणि उलटंही होतं हे विसरू नको. १९७९ च्या १ जानेवारीला कार्टर यांनी चीनला मान्यता दिली, तैवानशी संरक्षण करार संपवायचं ठरवलं, तर अमेरिकेच्या काँग्रेसनेच, म्हणजे संसदेनेच, एप्रिलपर्यंत तैवान रिलेशन्स ॲक्ट आणला, शस्त्रं विकत राहायची सोय कायद्यातच करून ठेवली. राष्ट्राध्यक्षाने हात सोडला तरी संसद धरून ठेवते कधीकधी. म्हणून शहाणा छोटा देश दोन्ही पक्षांत, सिनेटरच्या ऑफिसातल्या स्टाफपर्यंत ओळखी ठेवतो.

आता जरा झोंबणारी गोष्ट. तुझ्या निबंधात मोठा दोस्त म्हणजे कायम अमेरिका. आपण कोण? जुलै १९८७ मधे राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांचा करार झाला, आपली शांतिसेना श्रीलंकेत गेली, हजाराच्या वर जवान मारले गेले. डिसेंबर १९८९ मधे दिल्लीत सरकार बदललं, व्ही. पी. सिंग आले, त्यांच्या आघाडीत तामिळनाडूतला द्रमुक. हां, श्रीलंकेचे नवे राष्ट्राध्यक्ष प्रेमदासा स्वतःच जा म्हणत होते, ते पण लिही, नाहीतर एकांगी होईल. पण मार्च १९९० मधे शेवटची तुकडी मद्रासला उतरली तेव्हा द्रमुकचे मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेलेच नाहीत. कोलंबोत बसलेल्या माणसाला आपलं धोरण दिल्लीत ठरतं का मद्रासमधे, हे कसं कळावं? बांगलादेशाबरोबरच्या तिस्ता नदीच्या पाणीवाटपाचंही तेच, सप्टेंबर २०११ मधे मनमोहन सिंग ढाक्याला निघाले आणि ऐनवेळी पश्चिम बंगालच्या तेव्हाच्या मुख्यमंत्री ममतांनी अंग काढून घेतलं, करार अजून लटकलेला. पाणी अडकलं की काय होतं ते आपल्याला गिरणाकाठच्यांना कोणी शिकवायला नको.

तर दुसरं पान पूर्ण काढून टाक आणि भूतानच्या बाजूने नव्याने लिही. २०१३ घे. १३ जुलैला तिथे मतदान, आणि त्याच महिन्याच्या सुरुवातीपासून भारताने स्वयंपाकाच्या गॅसची आणि रॉकेलची सबसिडी थांबवलेली. दिल्ली म्हणाली जुनी मुदत संपली, बाकी काही नाही. थिंपूत बऱ्याच लोकांना ते पटलं नाही, सत्ताधारी पक्ष हरला. तू थिंपूच्या परराष्ट्र खात्यातला अधिकारी आहेस असं समज आणि त्या महिन्यात वरिष्ठांना काय टिपण दिलं असतंस ते लिही, दोन पानांत, विशेषणं कमी. रविवारपर्यंत पाठव, सोमवारी मी धुळ्याला चाललोय, एसटीत वाचतो.