कोळीवाड्यातून राखीव जागेवर पालिकेची निवडणूक: जागा कुठली, कागद कुठले?

तुमचा प्रश्न असा, की पत्नी वर्सोवा कोळीवाड्यातल्या, त्यांच्या दाखल्यावर 'हिंदू कोळी'. तर मुंबई पालिकेला अनुसूचित जमातीच्या जागेवर अर्ज भरता येईल का?

नाही. जमातींच्या यादीत महादेव कोळी, मल्हार कोळी, टोकरे कोळी, ढोर कोळी आहेत. नुसतं 'कोळी' किंवा सोनकोळी विशेष मागास प्रवर्गात येतं, आणि पालिकेच्या निवडणुकीत तो नागरिकांच्या मागास प्रवर्गात धरतात. २०२६ला २२७ प्रभागांपैकी ६१ या प्रवर्गाला होते. जमातींना अवघे २. हे दोन वारली, मल्हार कोळी, कोकणा यांच्या हक्काचे. त्यातला एक जरी चुकीच्या दाखल्यावर गेला, तर आरेच्या पाड्यांतलं पाण्याचं गाऱ्हाणं सभागृहात मांडायला पाच वर्षं त्यांचं माणूस उरत नाही. म्हणून कोणी 'महादेव कोळीचा दाखला काढून देतो' म्हणालं, तर त्याला दारातूनच परत पाठवा.

मागास प्रवर्गाच्या जागेसाठी कागद दोन लागतात: जात प्रमाणपत्र आणि जिल्हा पडताळणी समितीचं वैधता प्रमाणपत्र. नुसत्या पहिल्यावर भागत नाही. दोन्हींचा पुरावा वहिनींच्या माहेरचा हवा. जात जन्माने ठरते, तुमची वैधता त्यांना लागू होत नाही. त्यांच्या वडिलांची, सख्ख्या भावाची किंवा काकांची वैधता असेल तर काम बरंच हलकं होतं. नसेल तर १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, जात आणि महाराष्ट्रातलं वास्तव्य दाखवणारा कागद शोधा. सगळ्यात भक्कम म्हणजे आजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा.

घोळ इथेच होतो. रजिस्टरात 'पांडू गोमा' आणि पुढच्या कागदांत 'पांडुरंग गोमाजी' असेल, तर माणूस एकच हे वंशावळ आणि शपथपत्राने जोडावं लागतं. जातीच्या रकान्यात 'मच्छीमार' असेल तर तो धंदा झाला, त्याच्या जोडीला काका-आत्याचा उतारा काढा. आणि मूळ नोंदीला हात लावू देऊ नका. समितीचं दक्षता पथक शाळेत जाऊन रजिस्टर उघडतं. वेगळ्या शाईचा शब्द त्यांना लगेच दिसतो. जात सिद्ध करायची जबाबदारी कायद्याने अर्जदारावरच आहे.

कुठला प्रभाग राखीव ते ठरवणाऱ्या सोडतीची वाट बघू नका. गेल्या वेळी सोडत ११ नोव्हेंबर २०२५ला झाली आणि मतदान १५ जानेवारी २०२६ला. एवढ्यात पडताळणी उरकेल या भरवशावर राहू नका. समितीकडच्या अर्जाची पावती आणि हमीपत्रावर उमेदवारी घेण्याची सवलत सरकारने वेळोवेळी दिली आहे, पण मुदतीत वैधता आली नाही तर निवडून आलेली जागा जाते. ही मुदत बंधनकारक असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये सांगितलं आहे.

माहेरच्या आणि सासरच्या नावांचा मेळ घालणारा विवाह नोंदणी दाखला आत्ताच काढून ठेवा. साधा कागद आहे, पण ऐन वेळी नेमका तोच सापडत नाही.