परिक्रमेची पिशवी

प्रश्न : ताई, मी ५९ वर्षांचा, एसटीतून निवृत्त झालेला. कार्तिकी एकादशीनंतर ओंकारेश्वराहून पायी नर्मदा परिक्रमा उचलणार आहे. मुलीने ६० लिटरची सॅक आणली. सगळं भरल्यावर काट्यावर साडेतेरा किलो आलं, त्यात हिने केलेले लाडू आणि चिवडाच दोन किलो. ओळखीचे म्हणतात, काही नेऊ नका, मैया सगळं देते. कुणाचं ऐकू?
– एक वाचक, सातारा

उत्तर : दादा, नर्मदे हर! ओळखीचे म्हणतात ते अर्धं खरं आहे. अन्न मिळतं, पाठ टेकायला जागा मिळते. आश्रमात शिजलेलं नसलं तर सदाव्रतात पीठ, डाळ, तांदूळ मिळतो. पण तुमच्या पायाच्या मापाचा बूट जंगलात कुणी देऊ शकत नाही. म्हणून पैसा आणि विचार आधी पायांवर खर्च करा.

मी हे उलटं केलं होतं. सॅक ११ किलोची, आणि पायात नवे बूट, सुती मोजे. सुती मोजा घाम धरून ठेवतो, ओली कातडी घासते आणि फोड येतात. पाचव्या दिवशी दोन्ही टाचा सोलल्या. एका आश्रमातल्या माईंनी चार दिवस ठेवून घेतलं, हळद-तेल लावलं. पुढे बडवानीच्या पोस्टातून साडेचार किलो सामान घरी पाठवलं. त्यात तिसरा ड्रेस होता, जाड टॉवेल होता, दोन पुस्तकं होती आणि पंधरा दिवस न उघडलेला खाऊचा डबा होता.

बूट एक नंबर मोठे घ्या, कारण रोज वीस किलोमीटर चालून पाय सुजतात. आजपासूनच ते घालून फिरा. मोजे लोकरीचे किंवा सिंथेटिक, तीन जोड. ओला जोड सेफ्टी पिनेने सॅकला अडकवला की चालता चालता वाळतो. रात्री पायांना व्हॅसलीन चोळा. स्नानाला आणि मुक्कामी साधे फ्लोटर.

नर्मदा १,३१२ किलोमीटर लांब आहे. दोन्ही तट धरले तर २,६०० च्या वर चाल, म्हणजे चार-पाच महिने. इतके दिवस ओझं शरीराच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून फार वर जाऊ नये, असं मला वाटतं. माझं वजन ५८, तेव्हा सहा किलो, पाणी वेगळं. सॅक ४० लिटरची पुरते, मात्र कमरेचा पट्टा रुंद हवा, भार खांद्यावरून कमरेवर उतरतो.

स्लीपिंग बॅग मात्र न्याच. गोधडी सगळीकडे मिळेल असं नाही, आणि पौष-माघात काठावरची पहाट हाडात शिरते. किलोभराच्या आतली घ्या. अंगावरचा धरून कपड्यांचे दोनच जोड, लवकर वाळणारे. टॉवेलऐवजी पंचा. सॅकसकट अंग झाकणारा पोंचो. ताट, पेला, डोक्याला बांधायची बॅटरी, सुईदोरा, दोरीचा तुकडा, आधार कार्ड, सुट्या नोटा. रक्तदाबाच्या गोळ्या असतील तर महिन्याच्या, पुढे मोठ्या गावात घेता येतात. नर्मदेत साबण लावत नाहीत, तेव्हा वडी छोटीशीच, कपडे हापशीवर धुवा. पूजेच्या जलाची कुपी, दंड आणि कमंडलू यांचं वजन मी मोजलंच नाही. ती सोबत हवीतच.

वहिनींचे लाडू ओंकारेश्वरात संकल्पाच्या दिवशी सगळ्यांना वाटा, आणि निघण्याआधी त्यांना तसं नीट सांगा, त्यांना बरं वाटेल.

तुमच्या हातात अजून वेळ आहे. भरलेली सॅक घेऊन साताऱ्याहून सज्जनगडावर चालत जा, रात्री तिथेच राहा, दुसऱ्या दिवशी चालत परत या. औषधं आणि पोंचो सोडून जे एकदाही बाहेर निघालं नाही, ते घरी ठेवा. मग पुन्हा वजन करा आणि मला आकडा कळवा.